दोन्ही वैमानिक बेशुद्ध पडले, तर प्रवासी विमान उतरवू शकेल का?

प्रश्न असा आहे: विमान हवेत असताना दोन्ही वैमानिक बेशुद्ध पडले, तर ज्याने कधीच विमान चालवलेलं नाही असा प्रवासी कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून रेडिओवर विमानांना मार्ग सांगणाऱ्याच्या, सूचना ऐकत ते सुखरूप उतरवू शकेल का? विचारणाऱ्याने पुढे लिहिलं आहे की तो घरी संगणकावर एअरबस उडवतो, त्यामुळे आपल्याला जमेल असं त्याला वाटतं.

मी एअरबस ए३२० चा कॅप्टन आहे आणि त्याच विमानावर नव्या मुलांना सिम्युलेटरमध्ये शिकवतो. माझं उत्तर दोन भागांत आहे. स्वतःच्या हाताने उतरवायचं म्हणत असाल तर जवळजवळ नाहीच. विमानाकडूनच उतरवून घ्यायचं म्हणत असाल तर शक्य आहे. पण त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्याअधिक गोष्टींचा उडवण्याशी संबंध नाही. दार उघडणं, खुर्ची रिकामी करणं, योग्य बटण दाबून बोलणं, चुकीचं बटण न दाबणं, अशा त्या गोष्टी आहेत. लोक लँडिंगची चिंता करतात. मला चिंता वाटते ती त्याआधीच्या पाऊण तासाची.

मोठं प्रवासी विमान अप्रशिक्षित प्रवाशाने उतरवल्याचं उदाहरण आजवर नाही. जी उदाहरणं नेहमी दिली जातात ती छोट्या विमानांची आहेत, आणि ती खरी आहेत. मे २०२२ मध्ये फ्लोरिडाजवळ सेसना कॅरव्हानच्या वैमानिकाची प्रकृती अचानक बिघडली. मागे बसलेला प्रवासी पुढे आला, खाली झेपावणारं विमान त्याने सावरलं आणि पाम बीचच्या विमानतळावर उतरवलं. त्याला सूचना देणारा कंट्रोलर रॉबर्ट मॉर्गन स्वतः फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होता, तरी हे मॉडेल त्याने उडवलेलं नव्हतं. म्हणून त्याने त्या कॉकपिटचं चित्र छापून समोर ठेवलं आणि मग सूचना दिल्या. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये हंबरसाइडला ७७ वर्षांच्या एका प्रवाशाने वैमानिक मित्र गेल्यावर सेसना १७२ उतरवलं, चौथ्या प्रयत्नात. २००९ मध्ये फ्लोरिडातच दोन इंजिनांचं किंग एअर एका प्रवाशाने उतरवलं. त्याच्याकडे एका इंजिनाच्या छोट्या विमानाचा परवाना होता, आणि कंट्रोलरने किंग एअर जाणणाऱ्या ओळखीच्या वैमानिकाला फोन लावून त्याच्याकडून माहिती घेत सूचना दिल्या.

या माणसांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यावरून ए३२० चा अंदाज बांधता येत नाही. कॅरव्हानचं वजन चार टनांच्या आसपास आणि उतरतानाचा वेग ऐंशी नॉटच्या (ताशी सुमारे दीडशे किलोमीटरच्या) आसपास असतो. ए३२० उतरताना साठ टनांचं असतं आणि वेग एकशे पस्तीस नॉटच्या जवळपास. वजन पंधरापट झालं, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे धावपट्टीवर जिरवायची ऊर्जा चाळीसपटीच्या घरात जाते. सेसना जरा वाकडंतिकडं टेकलं तर चाक मोडेल, माणूस चालत बाहेर येईल. इथे तेवढी सूट नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते पाहू. सगळ्यात मोठा मुद्दा हा की दोन्ही वैमानिक एकाच वेळी का पडले? एक पडला तर दुसरा विमान उतरवतो. त्याचा सराव आम्ही सिम्युलेटरमध्ये वारंवार करतो, आणि जगात अधूनमधून असं घडतही असतं. दोघांना जेवण वेगवेगळं देतात तेही याचसाठी. त्यामुळे दोघांनाही एकदम निकामी करणारं कारण बहुधा विमानातच असतं: धूर, किंवा केबिनमधला हवेचा दाब जाणं. आणि ते कारण प्रवाशांनाही सोडत नाही.

याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण म्हणजे १४ ऑगस्ट २००५ चं हेलिऑस एअरवेजचं बोइंग ७३७, सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं. दाब नियंत्रित करणारा स्विच 'मॅन्युअल'वर राहिला होता. विमान चढत गेलं, आतली हवा विरळ होत गेली, वैमानिकांना खरं कारण उमगलं नाही आणि ते बेशुद्ध झाले. प्रवाशांच्या डोक्यावरून मास्क खाली आले, पण त्यांचा ऑक्सिजन साधारण बारा मिनिटं पुरतो. विमान मात्र ऑटोपायलटवर शिस्तीत ३४,००० फुटांवर गेलं, अथेन्सला पोहोचलं आणि तिथे ठरल्या मार्गाने घिरट्या घालू लागलं. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ लढाऊ विमानं शेजारी आली, तेव्हा त्यांना एक माणूस कॉकपिटमध्ये येताना दिसला. तो केबिन क्रूमधला आंद्रेआस प्रोद्रोमू होता. हातातल्या छोट्या ऑक्सिजन सिलिंडरवर तो तग धरून होता, आणि त्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवानाही होता, ७३७ चा नसला तरी. तो आत शिरला त्याच सुमारास इंधन संपून डावं इंजिन बंद पडलं. त्याने 'मेडे', म्हणजे रेडिओवरची आणीबाणीची हाक, पुकारला, पण रेडिओ अजून लार्नाकाच्या फ्रिक्वेन्सीवर होता, त्यामुळे कुणालाच ऐकू गेला नाही. १२१ माणसं गेली.

मी शिकवताना या अपघाताकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. त्या माणसाकडे धैर्य होतं, प्रशिक्षणही होतं. त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि त्याचा आवाज कुणापर्यंत पोहोचत नव्हता. विमान उडत राहणं ही अडचणच नव्हती, ते काम ऑटोपायलट करत होता.

म्हणून आपण जरा बरी परिस्थिती धरू. हवा ठीक आहे, दोन्ही वैमानिक इतर काही कारणाने पडलेत, विमान पस्तीस हजार फुटांवर ऑटोपायलटवर आहे आणि टाकीत इंधन आहे. (टेक-ऑफनंतर पाचशे फुटांवर हे घडलं तर बोलण्यासारखं काही उरत नाही.) आधी दार. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचं दार बुलेटप्रूफ आणि कायम बंद असतं. आतून उत्तर आलं नाही तर क्रूकडे आणीबाणीचा कोड असतो. तो टाकल्यावर ठरावीक वेळ थांबून दार उघडतं, आतून कुणी अडवलं नाही तर. हा कोड प्रवाशाला माहीत नसतो, आणि नसावाच. म्हणजे तुम्ही आत जाल ते क्रूच्या सांगण्यावरूनच. आणि क्रू आधी विचारेल ते हेच, की विमानात कुणी वैमानिक आहे का. आपल्या देशी उड्डाणांत बऱ्याचदा ड्यूटीवर जाणारे किंवा ड्यूटी संपवून परतणारे वैमानिक मागे बसलेले असतात. तुमचा नंबर त्यांच्यानंतर.

मग खुर्ची. बेशुद्ध माणूस पुढे कलंडून साइडस्टिकवर (विमान हाताने उडवायच्या दांड्यावर) किंवा पेडलवर पडलेला असू शकतो. केबिन क्रूला याचं प्रशिक्षण असतं: खांद्याचा पट्टा घट्ट करून त्याला मागे ओढायचं, खुर्ची मागे सरकवायची, पाठ कलती करायची, पाय पेडलवरून काढायचे, ऑक्सिजन द्यायचा. बेशुद्ध माणसाला त्या अरुंद जागेतून उचलून बाहेर काढणं हे दोघांचं घाम काढणारं काम आहे, आणि ते करताना कुणाचा गुडघा स्टिकला लागला तर ऑटोपायलट सुटू शकतो.

आता तुम्ही बसलात. इथे मला एक वस्तू अगदी जवळून दाखवायची आहे, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. ए३२० ची साइडस्टिक हातात धरली की दोन बटणं बोटाशी येतात. पुढच्या बाजूला, तर्जनीखाली, बंदुकीच्या चापासारखं एक असतं. ते रेडिओचं. दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. वर अंगठ्याखाली लाल बटण असतं. ते ऑटोपायलट तोडतं. घाबरलेल्या माणसाचा अंगठा आपोआप लाल बटणावर जातो. सिम्युलेटरमध्ये पाहुणा बसवला आणि "बोल" म्हटलं की पुष्कळदा पहिल्यांदा लालच दाबलं जातं. कर्कश इशारा वाजतो, आणि आतापर्यंत स्वतःच्या बळावर उडणारं विमान त्याच्या हातात येतं. इलाज सोपा आहे: समोर काचेखालच्या पट्टीवर 'एपी १' लिहिलेलं बटण दाबायचं, त्यातला हिरवा दिवा लागला की ऑटोपायलट परत आला. एअरबसची एक चांगली गोष्ट अशी की स्टिक सोडून दिली तर विमान आहे त्या स्थितीत राहायला बघतं, आणि सगळं ठीक असेल तर ते स्वतःला फार उलटंपालटं होऊ देत नाही. तेवढ्यात चूक सुधारता येते. शक्य असेल तर मी सांगेन की स्टिकला हातच लावू नका, हेडसेट घाला आणि बाजूला टांगलेला हातातला माइक वापरा.

बोलायचं कुठे? ज्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ आहे तिथेच आधी. वैमानिक काही मिनिटांपूर्वी तिथेच बोलत होते. उत्तर नाही आलं तर १२१.५, ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, जी आजूबाजूची बरीच विमानं ऐकत असतात. हेलिऑसमध्ये नेमका हाच धागा तुटला होता. मुंबई-दिल्ली मार्गावर कुणी ना कुणी ऐकणारच. आणि बोलून झालं की बटण सोडा. दाबून धरलेल्या बटणामुळे समोरचा तुमच्याशी बोलूच शकत नाही. सिम्युलेटरमध्ये हेही वारंवार होतं.

तिकडे कंट्रोलर एकटा नसेल. तो हवाई मार्ग मोकळा करेल आणि एखाद्या ए३२० च्या वैमानिकाला तुमच्याशी बोलायला बसवेल. हे आम्ही प्रशिक्षणाच्या वेळी करून पाहतो. मी पॅनेलकडे पाठ करून बसतो आणि न पाहता फक्त शब्दांनी सूचना देतो. "डावीकडचं दुसरं बटण" म्हणजे माझ्यासाठी एक आणि ऐकणाऱ्यासाठी भलतंच. त्यामुळे आकडा आणि त्यावर लिहिलेलं अक्षर वाचायला सांगावं लागतं. इथे संगणकावर सराव करणाऱ्या मुलांचा खरा फायदा आहे. एफसीयू म्हणजे काय, एमसीडीयू (मार्गाची माहिती भरायचा छोटा संगणक) कुठे आहे, हे त्यांना सांगत बसावं लागत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला माझं मनापासून सांगणं आहे की तुमचं हे ज्ञान उपयोगी आहे. फक्त ते बटणांसाठी वापरा, हाताने उडवण्यासाठी नको.

एफसीयू म्हणजे काचेखालची ती पट्टी: वेग, दिशा, उंची यांची गोल बटणं. या बटणांचा स्वभाव नवख्याला चकवतो. आत ढकललं की निर्णय विमानाच्या संगणकाचा, बाहेर ओढलं की तुमचा. उंचीचं बटण फिरवून दहा हजार आणलं आणि तसंच सोडलं, तर विमान जागचं हलत नाही. ओढलं की मगच ते खाली निघतं. दिशेचं बटण नुसतं फिरवलं तर आकडा थोडा वेळ दिसतो आणि पुसला जातो. म्हणून सूचना देणारा प्रत्येक वेळी सांगेल: "फिरवा, आकडा मला वाचून दाखवा, आता ओढा."

विमानाने स्वतः उतरण्याची सोय, म्हणजे ऑटोलँड, ए३२० मध्ये असतेच. धुक्यात दिल्लीला विमानं तशीच उतरवतात. पण ते एका बटणाचं काम नाही. आधी एमसीडीयूच्या छोट्या की-बोर्डवरून कोणत्या धावपट्टीवर उतरायचं ते भरावं लागतं, म्हणजे विमान त्या धावपट्टीच्या आयएलएसचा, म्हणजे धावपट्टीपर्यंत वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा, किरण पकडेल. मग खाली यायचं, वेग कमी करत जायचं आणि फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, टप्प्याटप्प्याने सोडायचे. प्रत्येक टप्प्याला वेगाची मर्यादा आहे: पहिल्याला २३० नॉट, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला १८५, पूर्ण सोडायला १७७. वेग त्याखाली येण्याआधी सोडले तर फ्लॅप्सना इजा होऊ शकते. चाकं खाली करायची, स्पॉयलरचा (टेकल्यावर पंखांवर उभ्या राहून विमान जमिनीवर दाबणाऱ्या फळ्यांचा) दांडा वर ओढून सज्ज ठेवायचा, ऑटोब्रेकचं बटण दाबायचं. कंट्रोलर तुम्हाला लांबून, तिरक्या दिशेने धावपट्टीच्या रेषेवर आणेल. मग 'अप्रोच' (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचं) बटण, आणि मग दुसरा ऑटोपायलट, कारण दोन्ही एकत्र फक्त अप्रोचमध्येच चालतात. चारशे फुटांच्या आसपास समोरच्या पडद्यावर 'लँड' शब्द आला की विमानाने काम हाती घेतलं. त्यानंतर हात लावायचा नाही.

एक अपवाद. एअरबसमध्ये इंजिनाचे दांडे उडताना एकाच खाचेत उभे असतात, संगणक शक्ती कमी-जास्त करतो तेव्हा ते हलत नाहीत. टेकताना विमान "रिटार्ड, रिटार्ड" असं बोलतं, तेव्हा दोन्ही दांडे पूर्ण मागे ओढायचे. हे माणसानेच करायचं. नाही ओढले तर स्पॉयलर उघडत नाहीत, आणि स्पॉयलर उघडले नाहीत तर ऑटोब्रेकही लागत नाही. याची किंमत काय असते ते १७ जुलै २००७ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर दिसलं. टाम या विमान कंपनीचं ए३२०, अनुभवी वैमानिक, ओली आणि आखूड धावपट्टी, आणि दोनपैकी एक दांडा पुढच्याच खाचेत राहिला. विमान धावपट्टी ओलांडून इमारतीवर आदळलं आणि १९९ माणसं गेली. प्रशिक्षित माणसांकडून हे होतं, म्हणून मी प्रवाशाला सूचना देत असतो तर ही एक गोष्ट त्याच्याकडून अर्धा तास आधीपासून वदवून घेतली असती.

आता धावपट्टी आणि हवामान. मी लांब धावपट्टी मागेन, मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. जुलैच्या पावसात आडवा वारा असेल तर मुंबई टाळेन. ए३२० च्या ऑटोलँडला आडव्या वाऱ्याची मर्यादा वीस नॉट आहे. इंधन पुरत असेल तर कोरड्या, शांत हवेच्या ठिकाणी नेणं बरं, जवळ असणं त्यापुढे दुय्यम. टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्ट्यांच्या वाटेला मी जाणारच नाही.

आयएलएस किंवा ऑटोपायलट नसेल, हातानेच उतरवायचं असेल तर? तीन अंशांच्या उतारावर विमान मिनिटाला सातशे फूट खाली येत असतं. तीस फुटांवर स्टिक हलकेच मागे घ्यायची असते, आणि तीस फुटांपासून जमिनीपर्यंत अडीच सेकंद असतात. लवकर ओढलं तर विमान तरंगत धावपट्टी खात जातं, उशीर झाला तर आदळतं, जास्त ओढलं तर शेपूट घासते. नव्या वैमानिकांकडे आमच्याकडे येईपर्यंत निदान दोनशे तासांचं उड्डाण असतं, त्यानंतर या विमानाचं वेगळं प्रशिक्षण होतं, आणि तरीही ही अडीच सेकंदं बसायला त्यांना वेळ लागतो. रेडिओवर बोलणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही, आणि "आता" म्हणेपर्यंत ती वेळ गेलेली असते.

आत्मविश्वासाबद्दल थोडं, कारण प्रश्नात तो डोकावतो आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत यूगोव्ह या सर्वेक्षण संस्थेने हाच प्रश्न विचारला तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना आपण उतरवू असं वाटलं, पुरुषांत जवळपास निम्म्यांना. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की वैमानिक विमान उतरवतानाची काही मिनिटांची चित्रफीत बघितली की लोकांचा हा विश्वास वाढतो. त्या चित्रफितीतून शिकण्यासारखं काही नव्हतं, तरीही. मला सिम्युलेटरमध्ये जी माणसं चांगली जमवताना दिसतात ती सांगितलेलं परत म्हणून दाखवणारी असतात. "उंची दहा हजार, फिरवली, ओढतो" असं मोठ्याने बोलणारी. न विचारता पुढचं बटण दाबणारा माणूस हुशार असला तरी मला त्याची धास्ती वाटते.

हा प्रश्न हळूहळू प्रवाशाच्या हातून निघून जाईल असं दिसतं. छोट्या विमानांसाठी गार्मिन कंपनीची एका बटणावर विमान उतरवणारी यंत्रणा २०२० मध्ये मान्य झाली. प्रवाशाने बटण दाबलं की ती स्वतः विमानतळ निवडते, रेडिओवर कळवते, उतरते आणि थांबते. एअरबसने ए३५० वर अशाच प्रकारच्या चाचण्या केल्याचं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. ए३२० मध्ये अजून ते नाही.

तोवर, खरंच तुमच्यावर वेळ आली आणि वर सांगितलेलं सगळं जमून विमान धावपट्टीवर थांबलं, तर काम संपलेलं नसतं. पार्किंग ब्रेकची मूठ फिरवून लावा. मग इंजिनाच्या दांड्यांमागे दोन छोटे स्विच आहेत, १ आणि २, ते दोन्ही बंद करा. चालू इंजिनासमोर किंवा मागे माणसं उतरली तर उतरवलेल्या विमानातूनच जीव जातील. पडद्यावर दोन्ही इंजिनांचे आकडे खाली आलेले दिसले, की मगच क्रूला दारं उघडायला सांगा.